निळं नाक तपकिरी झालं तेव्हा

माझे वडील, आबा, रेल्वेत होते. डब्यांची चाकं ठोकून तपासायचं काम त्यांनी दौंडला जन्मभर केलं आणि त्यातच त्यांचे कान गेले. आई गेल्यावर ते दौंडच्या घरी एकटेच राहू लागले. मी शिरूरला एका दवाखान्यात नर्स आहे. महिन्यातून दोनदा एसटीनं त्यांच्याकडं जायचे, एरवी फोन. फोनवर त्यांना निम्मं ऐकू यायचं नाही, म्हणून बहुतेक तेच बोलायचे.

त्यांच्याकडं एक बजरीगर होता. लोक सरसकट लव्हबर्ड म्हणतात तो पक्षी. हिरवा, मुठीत मावेल एवढा. चोचीच्या वर नाकपुड्यांभोवतीचं कातडं निळंशार. त्या निळ्यावरून नर ओळखतात, मादीचं तपकिरी असतं, हेही मला आबांनीच सांगितलं. ते त्याला पठ्ठ्या म्हणायचे, आणि त्याला राळ्याचे दाणे घातल्याशिवाय स्वतः चहा घ्यायचे नाहीत.

एके दिवशी ड्यूटीवर असताना त्यांचा फोन आला.

"पठ्ठ्याचं नाक बदललंय गं. निळं हुतं, आता भुरकट दिसतंय."

"वय झालं असेल त्याचं," मी ओरडून सांगितलं आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात परत तेच. नाक तपकिरी व्हायला लागलंय, खरखरीत झालंय. मग तो दुपारचाही पिसं फुलवून बसतो. मग पेरूच्या फांदीची दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशीच असतो. दर फोनला आबा एकेक गोष्ट सांगायचे, आणि दर वेळी मी घाईत असायचे. दवाखान्यात तर मी त्याचा विनोद करून सांगितला, "आमच्या वडिलांच्या पोपटाची आता मादी व्हायला लागलीय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

एकदा मात्र मी भडकलेच. "आबा, इथं माणसं आजारी आहेत. तुम्ही पाखराच्या नाकाचं काय घेऊन बसलाय?"

हे मात्र त्यांना नीट ऐकू गेलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी पठ्ठ्याचा विषय काढला नाही.

ड्यूट्यांमुळं दीड-दोन महिने माझं जाणंच झालं नव्हतं; शेवटी मी दौंडला गेले तेव्हा पठ्ठ्याचा एक पाय लुळा पडला होता. आबांनी पिंजऱ्याच्या तळाशी जुना टॉवेल अंथरला होता आणि दाण्यांची वाटी खाली ठेवली होती. मी त्याला हातात घेतलं. बाहेरून गुबगुबीत दिसत होता, पण पिसांखाली छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं लागलं. रोज पेशंटची नाडी बघणारी मी, एका बोटात मला कळलं की हे आजचं दुखणं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला भोकं पाडलेल्या खोक्यात घालून आम्ही डेमू गाडीनं पुण्याला पक्ष्यांच्या डॉक्टरकडं गेलो. डॉक्टर तरुण मुलगी होती. तिनं त्याचं पोट चाचपलं आणि म्हणाली, "पोटात गाठ आहे. नराचं निळं नाक तपकिरी झालं की बहुतेक वेळा हेच असतं. आता ती पायाच्या नसेवर दाब देतेय. रंग बदलला तेव्हाच आणायला हवा होता. औषधानं गाठ काही काळ थोपवता आली असती. खात्री नाही, पण प्रयत्न झाला असता."

ती हळू बोलत होती. आबांनी माझ्याकडं बघितलं. "काय म्हणतीया?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "म्हणतात, आधी आणला असता तरी काही झालं नसतं."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं, आणि मग चिठ्ठी लिहायला घेतली. आबांनी मान हलवली. परतताना गाडीत माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू जिवाला लावून घिऊ नकोस. आपल्या हातात न्हवतं." मी खिडकीकडं तोंड केलं.

पठ्ठ्या दुखणं कमी करणाऱ्या औषधावर अठरा दिवस जगला.

दोनेक महिन्यांनी मी दौंडला असताना शेजारच्या काकू त्यांचा पिंजरा घेऊन अंगणात आल्या. त्यांच्या बजरीगरच्या चोचीवर चुन्यासारखी खडबडीत पापडी धरली होती. "आबा, डॉक्टरला दाखवू का?" त्यांनी हातवारे करत विचारलं.

"कशाला उगा पाखराचे हाल," आबा म्हणाले. "आमच्याचं बघितलं ना? ती डॉक्टरीणच म्हणाली, आधी आणला असता तरी काय झालं नसतं."

काकू पिंजरा उचलून निघाल्या.

"तसं म्हणाली नव्हती ती," मी म्हणाले.

आबांनी कानाला हात लावला. "काय?"

त्यांना ऐकू जायचं तर ओरडावंच लागतं. काकूंसमोर, भर अंगणात मी ओरडून सांगितलं, "आबा, मी खोटं सांगितलं. ती म्हणाली, नाकाचा रंग बदलला तेव्हाच आणायला हवा होता. तुम्ही मला सांगत होता तेव्हाच."

समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. माझे कान तापले होते. आबा पिंजऱ्याकडं वळले. मग काकूंना म्हणाले, "मंग उद्याच न्या. मी येतो संगं."

काकूंच्या पक्ष्याला किडे झाले होते, ते डोळ्यांना दिसत नाहीत. थेंबांच्या औषधानं तो महिन्याभरात बरा झाला.

आबांनी मला कधी दोष दिला नाही. फोन अजूनही करतात. पण गेल्या महिन्यात गेले तर त्यांच्या पायावर सूज होती. दौंडमध्येच एका डॉक्टरला दाखवून, गोळ्या सुरू करून आठ दिवस झाले होते.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"तुझ्या दवाखान्यात आजारी माणसं असत्यात," ते म्हणाले. रागानं नाही, अगदी साधं. मी खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि सूज बघत राहिले. मान वर करून त्यांच्याकडं बघणं मला जमलं नाही.