अकरा महिन्यांचा कागद

भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात आमची स्टीलच्या भांड्यांची कंपनी. ऑफिसात सगळा कारभार हिंदी-गुजरातीत, मराठी बोलणारी मी एकटी. त्यामुळे कामाला येणाऱ्या मराठी बायकांना कागद समजावणं माझ्याकडे आलं. "मॅडम, आप बोलोगे तो मान जाएगी," असं शेठ म्हणायचे आणि मला त्यात मोठेपणा वाटायचा. अक्कल गहाण ठेवायला तेवढं पुरतं.

उत्तनच्या एक मावशी पॅकिंगच्या कामाला आल्या. त्या बाजारात मासे विकायच्या. बसायची जागा सासूकडून आलेली. आता गुडघे धरायला लागले होते, म्हणून खुर्चीवरचं काम हवं होतं. कागद इंग्रजीत होता, अकरा महिन्यांच्या नोकरीचा. 'कायम होणार म्हणून सांगा,' असं शेठनी आधीच बजावलेलं. मी ओळींवरून बोट फिरवत वाचल्याचं सोंग केलं आणि म्हणाले, "अकरा महिने भरले की नोकरी कायम."

"मग बाजारातली जागा सोडू ना?" त्यांनी दोनदा विचारलं.

बाजारातली जागा रिकामी राहत नाही. थोडे दिवस टोपली दिसली नाही की तिथे दुसरी येऊन बसते, हे मलाही ठाऊक होतं. "सोडा बिनधास्त," मी म्हणाले.

"आपला माणूस सांगतंय, मग काय," म्हणत त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन आल्या. मी ते चवीने खाल्ले.

अकरा महिने भरले आणि मावशींना घरी बसवलं. बाजारातल्या त्यांच्या जागेवर तोवर दुसरी बाई बसत होती. फसवलं म्हणून त्यांनी तक्रार केली आणि आम्ही सगळे ठाण्याला कामगार अधिकाऱ्यांसमोर उभे राहिलो. शेठ माझ्या शेजारीच. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "नोकरी कायम होईल, असं तुम्ही यांना सांगितलं होतं का?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणाले, "कागदात होतं तेवढंच वाचून दाखवलं, सर." तेव्हा माझा आवाज जरासुद्धा कापला नाही, याची मला आज जास्त लाज वाटते.

बाहेर मावशी जिन्यावर एकेक पायरी कठडा धरून उतरत होत्या. मला त्यांना टाळून पुढे सटकायचं होतं, पण जिना अरुंद. त्यांनीच माझा हात धरला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"खरं बोलली असतीस तर तुलाही काढलं असतं," त्या म्हणाल्या. "पोट कोणाला न्हाय? तुझी तरी नोकरी कायम हाय ना?"

माझ्या घरच्या कपाटात माझाही तसाच कागद आहे. दर अकरा महिन्यांनी नवा येतो आणि मी न वाचता सही करते.

"हो, मावशी," मी म्हणाले.