दुखवट्याच्या वर्षातला नाच

इथे आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या ज्या डान्स क्लासमध्ये मी साफसफाई करते, तिथली टीचर जमैकाची आहे. आठवीत शाळा सुटलेल्या मला तिनेच शब्द टाकून कामाला लावलं. त्यामुळे तिला नाही म्हणताना माझी जीभ रेटत नाही.

त्या संध्याकाळी ती मुलांना तिच्याकडचा एक नाच शिकवत होती. माणूस गेलं की शेजारीपाजारी त्या घरी जमून असं नाचतात, म्हणजे घरचे थोडं तरी हसतात, असं तिने सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "यल्ला, चल, तू पण ये. तुझे वडील गेलेत ना?"

आमच्या वसईत घरात मयत झालं की वर्षभर नाचगाणं बंद. पप्पांना जाऊन काही महिनेच झाले होते, आणि मला तिकीट मिळेपर्यंत मातीसुद्धा उरकली होती. तरी मॉप ठेवून मी गोलात शिरले. गुडघे वाकवून डुलताना तोल गेला, एक मुलगी ओरडली, "आंटी, यू आर सो फनी!" आणि मी पोट धरून हसले.

खोलीवर पोचते तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडातून निघून गेलं.

"नाचलीस?" आईने विचारलं.

"हो."

"आणि हसलीस पण?"

"हो गं आई."

मग ती म्हणाली, "इथे अजून कुणी हसलेलं नाही."

रागावली असती तर बरं झालं असतं.