फौजदाराचं पथ्य

ड्रायव्हर निवृत्त झाला आणि वर्षभरात त्याच्या हृदयाने कुरकुर सुरू केली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, मीठ-तेल बंद, नाहीतर पुढचा झटका दार वाजवून येणार नाही. त्याच्या बायकोने ते मनावर घेतलं. ती घरीच शिवणकाम करायची. मशीनवर बसण्याआधी ती गाजर, भोपळा, फरसबी उकडायची, मऊ भात लावायची, कधी अंडं. पित्तामुळे कांदा-लसूण त्याला आधीपासूनच वर्ज्य होता.

ड्रायव्हरच्या घशाखाली ते उतरेना. बाहेरच्या खोलीत मशीन सुरू झालं की तो ताट टेबलाखाली धरायचा. तिथे फौजदार तयारच असायचा. आल्यागेल्याची झडती घेतो म्हणून कुत्र्याचं हे नाव. ताट लख्ख झालं की ड्रायव्हर पाय मोकळे करायला निघायचा, तो थेट नाक्यावरच्या कढईपुढे. पठ्ठ्या कित्येक महिने साळसूद चेहऱ्याने वावरला.

मग जंतांच्या तपासणीसाठी दोघांनी फौजदाराला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बायकोने डबीत शीचा नमुनाही घेतला होता.

"काय तकाकी आलीय हो अंगावर! खायला काय घालता?"

"दुकानातलं कोरडं खाणं," बायको म्हणाली.

"मग नमुन्यात गाजराचे तुकडे कसे? चांगलंच आहे म्हणा. गाजर, भोपळा, भात, अंडं, उकडलेलं आणि बिनमिठाचं खुशाल द्या. कांदा, लसूण, द्राक्षं मात्र चुकूनही नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीवरचं गोचिडाचं चित्र मन लावून बघत होता.

घरी येताच ती तडक आत गेली. तो तिच्यामागे स्वयंपाकघरात गेला. "अगं, बोल की. चार शिव्या तरी घाल."

तिने एकाच पातेल्यातून दोन ताटं वाढली.

"हे तुझं?"

"माझंच. रोज हेच खाते. शिवण आवरून मागून जेवते, तुम्हाला कुठून दिसणार?"

"तुला कुठे पथ्य आहे?"

"तुम्हाला अळणी वाढून मी चमचमीत खाऊ? घास उतरेल मला?" तिने डाव पातेल्यात आपटला. "मला एकटीला टाकून जायचंय का तुम्हाला?"

ड्रायव्हरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो तिच्या शेजारी बसला आणि जेवू लागला. फौजदाराने टेबलाखालून त्याच्या गुडघ्यावर दोनदा पंजा मारून पाहिला. ड्रायव्हरने ताट संपवलं आणि थोडा भोपळा मागून घेतला.