व्हिएन्नाचा कौल

मी डावखुरी आहे, आणि आमच्या घरात ही गोष्ट झाकून ठेवायची होती. जेवताना, हळदीकुंकू लावताना, देवाला फूल वाहताना उजवा हात पुढे आला नाही की आईची चापट पाठीत बसे. शाळेत तेच काम मास्तरांची छडी करी. मी उजव्या हाताने लिहायला शिकले, वाढायला शिकले आणि चारचौघांत डावा हात मुकाट्याने मांडीवर ठेवायला शिकले. पुढे खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या व्हरांड्यात एका म्हाताऱ्या पारशी बाईंनी माझ्यासमोर एक बारीक, लवचिक तलवार धरली आणि काही विचार न करता माझा डावा हात पुढे गेला. सवयीने मी मान आकसून घेतली. बाई मात्र इतक्या खूश झाल्या की त्यांनी आत हाक मारून चहा आणि खारी बिस्किटं मागवली.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू, लोणावळ्यात डॉक्टर होते. रेल्वेची माणसं, बाजारातली माणसं आणि उन्हाळ्यात बंगल्यांवर येणारे मुंबईकर, असे त्यांचे रोगी. या बाई बारा महिने खंडाळ्यात राहत. त्यांचा एक गुडघा कायमचा धरलेला होता, म्हणून अप्पा त्यांच्याकडे जात, आणि सुट्टी असली की मीही बरोबर जाई. तरुणपणी त्या नवऱ्याच्या व्यापारामुळे पॅरिसला राहिल्या होत्या. नवरा दिवसभर पेढीवर, मग ह्यांनी करायचं काय? तिथल्या बायकांबरोबर त्या तलवारबाजी शिकल्या. नवरा गेल्यावर इकडे परत आल्या त्या दोन तलवारी, दोन जाळीचे मुखवटे आणि पुष्कळशी फ्रेंच कुरकुर घेऊन.

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असेन. दर शनिवारी-रविवारी मी खंडाळ्याला जाऊ लागले. गाडी असली तर गाडीने, नसली तर पायी. लोणावळ्याच्या शिंप्याने दुहेरी मांजरपाटाचा जाड कोट शिवून दिला. शिवताना त्याने दहादा विचारलं, की डॉक्टरांच्या मुलीला हिवताप झालाय का. गावात बोलबाला झाला की मी दांडपट्टा शिकते. दांडपट्टा मी पाहिला होता. तो गोल फिरतो, त्याला चारी बाजूंचे शत्रू लागतात. बाईंच्या खेळात शत्रू एकच आणि तो समोर. तलवारीच्या टोकाला बोंड बसवलेलं, त्याने समोरच्याच्या छातीला किंवा पोटाला स्पर्श करायचा, बस. आणि या खेळातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की ज्याला लागलं त्यानेच सांगायचं. "लागलं" म्हणायचं आणि मान झुकवायची. आमच्या आळीत विटीदांडू खेळताना आउट झालेला गडी जन्मात कबूल होत नसे. त्यामुळे मला हे फारच मोठ्या मनाचं वाटलं.

बाई शिकवायला कडक. "हात नको बघू डिकरी, माझा खांदा बघ. हात खोटं बोलते, खांदा नाय बोलत." डाव्या हाताचं तर त्यांना भारी कौतुक. सगळं जग उजव्या हाताने खेळतं, त्यामुळे डावखुरा समोर आला की भलेभले गडबडतात, असं त्या म्हणत. पण हे भलेभले होते कुठे? तिथे मी होते आणि बाई होत्या. शिकवणारा माणूस मुद्दाम जागा उघडी ठेवतो, शिकणाऱ्याने ती शोधून मारायचं असतं. बाई छाती उघडी ठेवत, मी मारी, बाई "लागलं" म्हणत. मला सगळ्या चाली येत होत्या, आणि मी एकही सामना खेळले नव्हते. आसपास कुणी खेळणारंच नव्हतं. गाडी घाटाच्या बोगद्यात शिरली की काचेत माझाच चेहरा दिसे, आणि त्याच्याकडे बघत मी मनात अनोळखी मुली उभ्या करी. उंच, बुटक्या, चिडक्या, थंड डोक्याच्या. मला त्यांची भूक लागल्यासारखी झाली होती.

इंटर सायन्सला मी चांगल्या मार्कांनी पास झाले तेव्हा अप्पांनी ठरवलं, की डॉक्टरी शिकायला मला विलायतेला पाठवायचं. कुठे, हे ठरवायचं होतं. मी म्हटलं, "जिथे मुली तलवार खेळतात तिथे." अप्पा हसले, पण माझं म्हणणं त्यांनी टाकलं नाही. त्यांच्या सुंदर वळणदार इंग्रजीत त्यांनी ठिकठिकाणी पत्रं धाडली: माझी कन्या तलवारीचा अभ्यास डाव्या हाताने करते, तरी आपल्याकडे तशी सोय आहे काय? एका ठिकाणाहून उत्तर आलं, की मुलींसाठी टेनिस आणि हॉकी आहे, तलवार हा प्रकार फक्त मुलग्यांसाठी. दुसऱ्यांनी हवामानाबद्दल दोन पानं लिहिली आणि खेळाबद्दल अवाक्षर नाही. लंडनहून मात्र नीट उत्तर आलं. तिथे बायकांचा वर्ग होता, आठवड्यातून एक दिवस, संध्याकाळी.

बाईंनी ते पत्र वाचून नाक मुरडलं. "आठवड्यात एक दिवस माणूस अग्यारीत जाते. तलवार रोज खेळते." त्यांच्या मते पॅरिस चांगलं, पण तिथे डॉक्टरी फ्रेंचमध्ये, आणि माझं फ्रेंच म्हणजे तलवारीच्या दहाबारा हुकमांपुरतं. जायचं तर व्हिएन्नाला. तिथे त्यांच्या ओळखीची एक शिक्षिका होती, तिच्या आखाड्यात मुली रोज खेळत आणि देशोदेशीच्या मुली तिथे सामन्यांना येत. व्हिएन्नाचं नाव निघताच अप्पांचा चेहरा पालटला. त्यांच्या उमेदीच्या काळात शस्त्रक्रिया शिकावी ती व्हिएन्नात, असं डॉक्टर मंडळी बोलत. त्यांना जायचं होतं, ते राहून गेलं होतं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पुण्याहून जर्मनचं बालबोध पुस्तक आणलं, आणि संध्याकाळी दवाखाना बंद झाला की बाप-लेक दोघं बसून "हे माझं टेबल आहे, ही माझी मावशी आहे" असं जर्मनमध्ये घोकू लागलो. आयुष्यात अप्पांच्या इतकी जवळ मी पुन्हा कधी नव्हते.

आईने हे सगळं ऐकून घेतलं. लंडनला पुण्याच्या ओळखीचं एक कुटुंब होतं, व्हिएन्नाला औषधालाही मराठी माणूस नव्हतं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पोर समुद्रापार जाणार. माझ्या माहेरच्या देवीला विचारल्याशिवाय मी पाऊल टाकू देणार नाही." अप्पा सुधारक होते, पण संसारी सुधारक. ते म्हणाले, "विचारू की. देवीला युरोपचा नकाशा कुठे पाठ आहे?" जे बोलायला नको होतं ते ते बोलले, आणि दिवाळी झाल्यावर आम्ही मळवलीला उतरून बैलगाडीने आईच्या माहेरी गेलो.

भातं नुकतीच कापून झाली होती. देऊळ गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होतं. कौल लावतात तो असा: देवीच्या दोन खांद्यांवर दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न बोलायचा आणि वाट बघायची. ज्या बाजूची कळी आधी पडेल तो देवीचा शब्द. गुरव म्हातारा आणि मोठा काटेकोर होता. अप्पा त्याला लंडन, पॅरिस, व्हिएन्ना असं समजावू लागले तेव्हा त्याने हात वर केला.

"डाक्टर, देवी येका येळंला दोनच ऐकती. तिसरं न्हाई. निवाड करून बोला."

"बरं, दोनच. लंडन आणि व्हिएन्ना."

"कुटं आलं ते? ममईच्या पल्याड?"

"लय पल्याड," अप्पा म्हणाले, आणि त्यांचं त्यांनाच हसू आलं.

देवीकडे तोंड करून उभ्या असलेल्या अप्पांनी मग हाताने दाखवलं: उजवीकडे लंडन, डावीकडे व्हिएन्ना. गुरवाने मान हलवली, कळ्या लावल्या आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. "आई, तुजं लेकरू दर्यापार चाललंया. उजवं लंडन, डावं वेना. लेकराचं जितं बरं व्हईल तितं तू धाड."

आम्ही बसलो. आईने डोळे मिटले होते. मी मिटले नव्हते. बाईंनी मला तासन् तास टोकाकडे न बघता खांद्याकडे बघायला शिकवलं होतं, तशी मी त्या दगडी खांद्यांकडे बघत राहिले. देवाधर्माचं मला फारसं काही नव्हतं, पण त्या दिवशी मनातल्या मनात मी त्या शेंदरी मूर्तीला गळ घालत होते. बाहेर गाडीचे बैल घुंगरं वाजवत होते, अप्पा घड्याळ बघत होते. आणि एकाएकी आमच्या डाव्या हाताची कळी सुटली, देवीच्या मांडीवर पडली, तिथून खाली.

"व्हिएन्ना!" अप्पा लहान मुलासारखे ओरडले. मी उठून उभीच राहिले.

गुरवाने कळी उचलून आईच्या ओटीत घातली. "लंडन," तो म्हणाला.

अप्पा म्हणाले, "अहो, डावीकडची पडली."

"तुमच्या डावीकडची. देवीच्या उजव्या खांद्याची. उजवं-डावं देवीचं धरत्यात, डाक्टर. बघणाऱ्याचं धरून कसं चालंल?"

सगळा गाव हे जाणत होता. आई जाणत होती. अप्पांनी हात दाखवला तेव्हा ते स्वतःचा उजवा दाखवताहेत हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण त्या गाभाऱ्यात असा हिशेब कुणी कधी केलाच नव्हता. आणि मी! समोर उभ्या असलेल्या माणसाचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला येतो, या एका गोष्टीवर माझा सगळा खेळ उभा होता. मला तरी सुचायला हवं होतं. अप्पा बराच वाद घालत राहिले: आम्ही दाखवलं तसं धरा, नाही तर पुन्हा लावा. गुरवाने शांतपणे सांगितलं, "पडला कौल परत मागत न्हाईत. मागायचा तर मग यायचंच कशाला?" आई एकच वाक्य बोलली, "तुम्हीच म्हणालात ना, विचारू की." ज्याचा विश्वास नाही त्याने विचारायला जाऊ नये, आणि गेलं तर ऐकावं, असं आईचं सरळ म्हणणं. आज मला ते पटतं. त्या दिवशी परतताना मी गाडीत तोंड फिरवून बसले होते.

लंडन ठरलं. जर्मनचं पुस्तक अप्पांनी कपाटात वरच्या फळीवर ठेवलं. आणि त्याच फाल्गुनात वर्तमानपत्रात आलं, की जर्मन फौजा व्हिएन्नात शिरल्या. अप्पांनी पेपर दोनदा वाचला आणि आईपुढे ठेवला. नातेवाईक येऊन म्हणू लागले, देवीने पोर वाचवली. आई गावी जाऊन खणानारळाने देवीची ओटी भरून आली. बाईंना त्यांच्या ओळखीच्या शिक्षिकेचं पत्र येणं बंद झालं. ती यहुदी होती हे मला तेव्हा कळलं. मी वाचले हे खरंच आहे. पण मला सुटल्यासारखं वाटलं नाही. मी मनात उभ्या केलेल्या त्या मुली तिथेच राहिल्या होत्या आणि त्यांचं काय झालं हे मला विचारायलाही कुणी नव्हतं.

लंडनला निघायचं त्या पावसाळ्यात लढाई होणार, लढाई होणार, असं सगळे बोलू लागले. अप्पा म्हणाले, एक वर्ष थांब. वर्ष थांबले आणि लढाई खरंच झाली. मग मुंबईच्या मेडिकल कॉलेजात नाव घातलं, आणि त्याबद्दल कुणाशी भांडावं असं काही उरलं नाही.

मुंबईला जायच्या आधी मे महिन्यात एका दुपारी मी बाईंचा निरोप घ्यायला गेले. त्या व्हरांड्यात मुखवटा हातात घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "आज शिकवणार नाय. आज खेळू."

इतक्या वर्षांत त्या माझ्याशी कधी खेळल्या नव्हत्या. मला वाटलं, म्हातारीचं मन राखावं, जरा जपूनच मारावं. पहिल्याच झेपेत त्यांचं टोक माझ्या बरगडीवर होतं. "लागलं," मी म्हटलं. पुन्हा उभी राहिले, पुन्हा लागलं. त्यांना मागे सरता येत नव्हतं, पुढे येता येत नव्हतं, एका पायावर भार टाकून त्या जागच्या जागी उभ्या होत्या, आणि मला त्यांच्यापर्यंत पोचताच येत नव्हतं. उघडी जागा कुठे दिसेना. जी दिसे ती मी पोचेपर्यंत मिटलेली असे. मी चिडले, धापा टाकू लागले, डाव्या हाताला घाम आला. माझ्या डाव्या हाताने त्या मुळीच गडबडत नव्हत्या. आणि मला जन्मात कधी झाला नव्हता एवढा आनंद होत होता. कुणीतरी समोर होतं. खरंखुरं, माझं वाईट चिंतणारं कुणीतरी. एकदा, फक्त एकदा, माझं टोक त्यांच्या खांद्याखाली टेकलं. "लागलं," बाई म्हणाल्या आणि मान झुकवली. मी विचारलं, "तुम्ही मुद्दाम लागू दिलंत?" त्या इतक्या संतापल्या की तो स्पर्श खरा होता अशी मला खात्री पटली.

मग त्या वेताच्या खुर्चीत बसल्या आणि गुडघा दाबत राहिल्या. मी मुखवटा काढला नाही, कारण आत मी रडत होते. त्यांना ते कळलं असावं.

"व्हिएन्नामां पहिल्या दिवशी तुला अशीच मारली असती," त्या म्हणाल्या. "सगळ्या पोरींनी. रोज. आणि मग एक दिवस..." त्यांनी बटलरला चहा आणायला सांगितला.

पुढच्या वर्षी बाई गेल्या. मी डॉक्टर झाले, अप्पांच्याच दवाखान्यात बसले, अजून थोडी बसते. लोक आदराने वागतात. वादात मला कुणी हरवत नाही, घरात तर नाहीच. विलायतेला जायचं राहिलं याचं वाईट वाटतं का, असं कुणी विचारलं तर मी नाही म्हणते, आणि ते खोटं आहे. जिंकून यावं असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला व्हिएन्नात जाऊन हरायचं होतं, रोज, अनोळखी मुलींकडून, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं.