चंद्रावरची संकष्टी

हेमचंद्र सोवनी दुबईत एसी इंजिनिअर होते, ते पोटासाठी. मनाने ते नवव्या वर्षापासून अंतराळातच होते. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यांनी मिरजेत शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली आणि स्वारी जी वर गेली, ती खाली आलीच नाही. "माणसाला न मानवणाऱ्या जागी हवा खेळती ठेवायची," नोकरीबद्दल ते सांगत, "यानात तरी दुसरं काय करतात?"

छत्तीस वर्षांत त्यांनी एकोणतीस विज्ञानकथा लिहिल्या. त्यातल्या अकरा दिवाळी अंकांनी छापल्या. त्या कोणी वाचल्या, ते संपादकच जाणोत. बायको, अनुपमा, दुसऱ्या पानावर डुलकी काढायची. मुलगी शुभ्रा म्हणायची, "बाबा, सेंड मी द पीडीएफ. आय विल रीड, प्रॉमिस." पीडीएफ जायची, प्रॉमिस तिथेच राहायचं.

डिस्कव्हरी गार्डन्स या त्यांच्या वसाहतीत त्यांना ओळखत सगळे, पण वेगळ्याच कारणाने. मराठी कॅलेंडरात संकष्टीचा चंद्रोदय छापतात तो मुंबई-पुण्याचा. दुबईत त्यावर विसंबलं तर उपास उगाच लांबतो. म्हणून सोवनी दर महिन्याला गणित करून इथली वेळ काढत आणि ग्रुपवर टाकत. कथेच्या लिंकला एखादा अंगठा आणि चंद्रोदयाला ऐंशी नमस्कार! याचं त्यांना वाईट वाटे. का वाटू नये?

यंदा मार्चमध्ये निवृत्ती, मग पुणे, खलास. जाण्याआधी एकदा, फक्त एकदा, कोणीतरी आपली कथा शेवटपर्यंत ऐकावी एवढीच त्यांची इच्छा होती. मराठी मंडळाच्या मैथिलीने त्यांना ऊद मेथा भागातल्या हॉलमध्ये कथावाचनाला वेळ दिली, तीही नेमकी संकष्टीच्या संध्याकाळी. "काका, आठ ते आठ बावन्न. चंद्रोदय तुम्हीच दिलाय ना? मग लगेच मोदक. लोक सकाळपासून उपाशी आहेत हां, प्लीज."

आधी पोटोबा, मग विठोबा म्हणतात. इथे तर विठोबाच्या जागी सोवनी होते. त्यांनी कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली.

कथा चंद्रावरच्या तळावर काम करणाऱ्या एका बाईंची होती. बाई नेमाने संकष्टी करत. घड्याळात संध्याकाळ झाली आणि त्यांच्या ध्यानात आलं, की चंद्र तर पायाखाली आहे, तो उगवणार कुठून? पृथ्वी म्हणावी तर तीही आकाशात एकाच जागी. ती ना उगवते, ना मावळते. मग जेवायचं कधी?

पहिल्या रांगेतल्या एक आजी उठून उभ्याच राहिल्या. "चंद्रावरच बसलीय, मग दर्शन झालंच की! वाढा म्हणावं पान."

"असं कसं आजी?" मागून कोणीतरी म्हणालं. "अर्घ्य कुठे देणार? पायावर?"

सोवनींच्या ऑफिसातला, वसईचा पॅट्रिक खरं तर मोदकांसाठी आला होता. त्यालाही राहवेना. "सोवनी सर, इथे रमजानमध्ये उंच टॉवरच्या वरच्या फ्लोअरवाले रोजा दोन-तीन मिनिटं लेट सोडतात. हाइट वाढली की टाइम बदलतो. या बाईंच्या हाइटचा हिशेब करा ना, यल्ला, चला!"

हॉलभर हशा पिकला, मग वाद पेटला. सोवनी वाचत, थांबत, उत्तरं देत, पुन्हा वाचत. सवयीने घड्याळाकडे पाहिलं तर आठ बावन्न. अजून तीन पानं उरली होती. पण उपाशी लोकांना चुकीची वेळ सांगणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. त्यांनी कागद मिटले.

"चंद्रोदय झाला," ते म्हणाले.

आता खुर्च्या सरकणार, म्हणून ते खाली बघत उभे राहिले. एकही खुर्ची सरकली नाही. दारात मोदकांचं ताट घेऊन आलेली मैथिलीसुद्धा तिथेच थबकली.

"अहो," सकाळपासून नुसत्या चहावर असलेली अनुपमा म्हणाली, "चंद्र काही पळून जात नाही. त्या बाई जेवल्या का, ते आधी सांगा."

सोवनींनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि उरलेली तीन पानं मुळीच घाई न करता वाचली.