नव्या कराची नोटीस

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. हिंगोलीकडच्या गोरेगावात आमचं कापडाचं छोटं दुकान होतं. मालक, म्हणजे माझे यजमान, विषमज्वरानं अंथरुणाला खिळलेले, त्यातच सरकारी नोटीस आली. उर्दूत. शाळेच्या मास्तरांनी वाचून सांगितलं, "कमाईवर नवा कर बसलाय. तुमची कमाई कळवा म्हणतात."

मग जो तो शिकवायला येऊ लागला. शेजारचा किराणावाला म्हणाला, "सरकारला दाखवायला दुसरी वही लिहा." कुणी म्हणालं, साहेबाला खूश करा. एकानं तर वर्षभर दुकानच बंद ठेवायला सांगितलं. तापानं खचलेल्या मालकांना नेमकं तेच पटलं. मी चुलीपुढं बसून रडले.

सासूबाई म्हणाल्या, "रडून राहिली काहून? हिंगोलीला वकील हायेत. चल, आपुन दोघी जाऊ."

गाडी जुंपून गेलो. वकीलसाहेब मुसलमान, वयस्कर. परक्या बैठकीत आम्ही अवघडलोय हे पाहून त्यांनी आम्हाला आत नेलं आणि आपल्या बेगमजवळ बसवलं. बेगमनी सुपारी कातरून दिली. म्हणाल्या, "पोरी, बिनधास बोल."

मी सगळं सांगितलं. वकीलसाहेबांनी नोटीस नीट वाचली.

"कायदा नवा हाये, बाई. मला अजून बराबर ठाऊक न्हाई. अंदाजानं सांगितलं तर तकलीफ तुमालाच. उद्या कचेरीत विचारून सांगतो."

माझं तोंड उतरलं. एवढ्या लांब येऊन हेच ऐकायचं होतं? पण बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ठाऊक न्हाई म्हणणारा ह्यो पयलाच मानूस. थांबू आपुन."

एका नातेवाइकाकडे रात्र काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांच्या घरी गेलो. वकीलसाहेब कचेरीतून आले ते थेट आमच्यापुढं बसले.

"गल्ल्यात येतं ती सगळी कमाई न्हाई. मालाचे पैसे, गाडीभाडं, दुकानाचा खर्च वजा करा. उरंल ती कमाई. ती थोडी असली तर कर लागत न्हाई. पण जवाब द्यावाच लागतो. आन् वही एकच ठेवा, खरी."

आम्ही तर सगळी विक्रीच कमाई समजून घाबरलो होतो! माझ्याकडून एकेक गोष्ट विचारून घेत त्यांनी उर्दूत जबाब लिहिला आणि प्रत्येक ओळ मला मराठीत सांगितली. फी घेतली ती वाजवी, न लाजता मागून. तेही मला बरं वाटलं.

मालकांची सही घेऊन जबाब पाठवला. काही दिवसांनी कचेरीतून कळलं, यंदा कर नाही. त्या दिवशी मालक आपणहून उठून बसले आणि भाकर मागितली.

पुढं धंदा वाढला, करही बसला. तो आम्ही निर्धास्त भरला. भरण्याआधी मालक वकीलसाहेबांना विचारायला गेले, तेव्हा मी बेगमसाठी मलमल दिली. त्या माउलीनं मला जवळ बसवून घेतलं नसतं, तर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता.

"घेतील का त्या?" मालक म्हणाले.

त्यांनी घेतली. वर निरोप धाडला, "सासूबाईला सलाम सांगा. अन् पोरीला म्हणावं, आता तूच ये."