ढावलो मधी तोडत नाहीत

आर्णीत कोणाचा कॉम्प्युटर बसला की पूनमसिंगचंच नाव निघतं. माणूस बंजारा तांड्यावरचा, बोलायला गोड, पण हट्टी असा की विचारू नका. बिघडलेली डिस्क हाती आली की इरेलाच पेटायचा, आणि बहुतेक वेळा जिंकायचाही. तिथंच घात झाला.

त्याच्याच तांड्यावरची सुखीबाई सोमवारी हार्डडिस्क घेऊन आली. तिची सासू गंगी गेल्या साली वारली. जाण्याआधी बुढीनं नातीसाठी, अर्पितासाठी, स्वतः ढावलो रचून गाऊन ठेवला होता. सासरी निघालेली नवरी एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गात रडते, आणि तो आधी शिकावा लागतो. लग्न नऊ दिवसांवर आलेलं, रेकॉर्डिंग तेवढं एकच.

"बाकीचं गेलं तरी चालन बापू," सुखीबाई म्हणाली, "बुढीचा आवाज काढून दे."

डिस्क कुरकुरत होती. पूनमसिंगनं तिची जशीच्या तशी नक्कल, म्हणजे इमेज, घ्यायला लावली. मध्येच वाचता न येणारी जागा आली. पाहिलं, तर नेमकी त्या गाण्यातलीच. प्रोग्रामनं विचारलं: इथं शून्यं भरून, म्हणजे जागा कोरी सोडून, पुढं जाऊ, की पुन्हा वाचून पाहू? धंद्याची रीत सरळ आहे. आधी चांगलं तेवढं पदरात पाडून घ्या, खराब जागेच्या नादी मागून लागा. हे तोच दुसऱ्यांना शिकवतो. पण ढावलो मधी तोडत नाहीत, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. बुढीच्या गाण्याला भोक पाडायचं? त्यानं 'पुन्हा वाच' निवडलं, आणि किती वेळा वाचायचं याची मर्यादाही काढून टाकली.

गाडी अडली ती अडलीच. डिस्क त्याच जागेवर डोकं आपटत राहिली आणि दुपारी कायमची गप झाली. मग त्यानं काय नाही केलं! वायर बदलली, मशीन बदललं, यवतमाळच्या ओळखीच्याला फोन लावला. काही म्हणता काही नाही. हाती लागली ती गाण्याची सुरुवात तेवढी. बुढी खाकरते, "बस बाई जवळ," म्हणते, दम घेते, आणि संपतं.

"माह्या हातानं गेलं, काकी," त्यानं सांगून टाकलं. "पुढं जाऊ देलं असतं, तं दोन शब्द गेले असते. बाकी सारं राह्यलं असतं."

सुखीबाई चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं ते तेवढंच तीनदा ऐकलं.

"मंग आता पोरगी रडन कशी, बापू?" तिनं विचारलं.